एकतीस फेब्रुवारी

कॉम्प्युटरवर काम करते असं सांगितलं की त्या काळात लोक आधी विचारायचे, "टायपिंगचा स्पीड किती?" सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात प्रोग्रॅमर म्हणून लागले होते. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वडिलांनी ही बातमी अभिमानाने सगळ्यांना सांगितली, पण मुलगी नेमकं काय करते हे त्यांना सांगता यायचं नाही. "मोठं यंत्र आहे, आणि ही त्याला हुकूम देते," असं म्हणायचे. तशी व्याख्या काही वाईट नव्हती.

ते यंत्र पहिल्या मजल्यावर काचेच्या भिंतीमागे होतं. सगळ्या कारखान्यात तेवढी एकच खोली थंड. यंत्र दिवसभर कारखान्याच्या कामात गुंतलेलं असायचं. आम्हा चार प्रोग्रॅमरांना आपापला नवा प्रोग्रॅम चालवून बघायला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास मिळायचा. बाकीचा वेळ टेबल, पेन्सिल, खोडरबर आणि हिरव्या प्लॅस्टिकची एक पट्टी. पट्टीत चौकोन, गोल, शंकरपाळे असे आकार कापलेले असायचे. त्यांनी फ्लोचार्ट काढायचा. शंकरपाळ्यात प्रश्न लिहायचा, 'माल शिल्लक आहे का?', आणि एक बाण 'हो'कडे, दुसरा 'नाही'कडे न्यायचा. तो कागदावर नीट जुळला की मग ओळीला ऐंशी घरं असलेल्या शीटवर, एका घरात एक अक्षर, असा प्रोग्रॅम लिहायचा. शीटं पंचिंग रूममध्ये द्यायची. तिथे प्रत्येक ओळीचं, अक्षराअक्षराला भोकं पाडलेलं, एक कार्ड व्हायचं आणि दोनतीन दिवसांनी रबरबँड लावलेली कार्डांची गड्डी परत यायची. एक स्वल्पविराम चुकला असेल तर अर्धा तास फुकट, आणि पुढची पाळी तीन दिवसांनी.

पंचिंग रूममध्ये सहा मुली होत्या आणि त्यांच्यावर एक बाई. बाई चाळिशीच्या पुढच्या, अंधेरीच्या एका जुन्या गावठाणातल्या, ख्रिश्चन. गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा झगा, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात बारीक साखळीतला क्रूस. मराठी आमच्यासारखीच, फक्त मधेच 'गो' यायचं. सगळ्या मुली त्यांना आंटी म्हणायच्या, म्हणून मीही म्हणू लागले. त्या मॅट्रिक झाल्या होत्या. नवरा जहाजावर होता तो लवकर वारला, तेव्हापासून नोकरी. कार्डं पंच करताना त्यांची नजर शीटवरून हलायची नाही आणि बोटं कीबोर्डवरून. खाली भोकांचा कचरा, बारीक तांदळाच्या कणीसारखा, साठत जायचा.

नोकरीला सात-आठ महिने झाले असतील. एके दुपारी आंटी स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. हातात माझी शीटं.

"हे पान मी परत पंच करू काय गो?" त्यांनी विचारलं.

"परत म्हणजे? नवा प्रोग्रॅम आहे आंटी."

"प्रोग्रॅम नवा असेल. हे पान जुनं आहे. मागच्या महिन्यात तूच दिलेलंस. त्याच्या आधी तुमच्या चौघांतल्या मोठ्या साहेबांनी दिलेलं, त्यांच्या तऱ्हेने. माझ्या बोटांना पाठ झालंय."

ते पान तारखांचं होतं. आमच्या कारखान्यात प्रत्येक गोष्ट तारखेवर चालायची. कच्चा माल कधी आला, पिंप कधी उघडलं, पुन्हा कधी तपासायचं, औषध कधीपर्यंत वापरता येईल. त्यामुळे कुठलाही प्रोग्रॅम घ्या, त्यात तारीख बरोबर आहे का हे पाहायचं आणि तीत इतके महिने मिळवायचे, हा तुकडा यायचाच. आम्ही चौघं तो दर वेळी नव्याने लिहायचो. त्यात वावगं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. उलट प्रोग्रॅम जितका लांब तितका प्रोग्रॅमर मोठा, अशी आमची समजूत.

"चल, दाखवते," आंटी म्हणाल्या.

त्यांनी पंचिंग रूममधल्या लांब टेबलावर पाच गड्ड्या मांडल्या आणि प्रत्येकीतून तारखेची कार्डं उपसून वेगळी ठेवली. पाच प्रोग्रॅम, पाच ढीग. कुणाचा तीस कार्डांचा, कुणाचा पन्नासचा. काम एकच.

"आमच्या गावठाणात मे महिन्यात बाटली मसाला करतात," त्या म्हणाल्या. "सगळ्या बायका मिळून एकदाच कांडायचा, बाटल्या भरायच्या. पुढे वर्षभर कालवण करताना बाटली उघडायची. दर कालवणाला मिरच्या भाजत कोण बसतं काय? तुम्ही एवढी शिकलेली माणसं, तुम्ही बसता."

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. पण त्या दिवसापासून ते पाच ढीग डोळ्यांसमोरून हलेनात.

एकच गड्डी करायची, सगळ्यांनी वापरायची. बोलायला सोपं होतं. करायला बसले तेव्हा समजलं, की आतापर्यंत मी प्रोग्रॅम लिहीत होते, आखत नव्हते. माझ्या तारखेच्या तुकड्यात माझ्याच प्रोग्रॅममधली नावं होती, माझेच शॉर्टकट होते. तो दुसऱ्याच्या गड्डीत घातला की यंत्र कुरकुरायचं. शिवाय कारखान्यात बसून निवांत विचार करायला जमेना. तेव्हा आंटी म्हणाल्या, "रविवारी घरी ये. चर्चमधल्या मासच्या नंतर मी मोकळीच असते."

अंधेरीला स्टेशनच्या पूर्वेला बसने बरंच आत जावं लागायचं. रस्त्याच्या एका अंगाला नवे कारखाने उभे राहत होते, दुसऱ्या अंगाला अजून भाताची खाचरं होती. गावठाणात शिरलं की एकदम सावली. कौलारू घरं, लाकडी कठडे, विहीर, तिच्याजवळ चुन्याने रंगवलेला क्रूस. आंटींच्या घराला लांब ओटा होता. आम्ही त्यावर चटई टाकून बसलो, मधे माझे कागद, आणि त्यांच्या सासूबाई आतून दर तासाला काही ना काही खायला पाठवत होत्या. भातशेतावरून वारा आला की कागद उडायचे. मग आंटींनी त्यांवर वाट्या पालथ्या घातल्या.

मी फ्लोचार्ट काढायला घेतला तर त्यांनी थांबवलं.

"आधी मला सांग, ह्या गड्डीला तू काय देणार आणि ती तुला काय परत देणार?"

"एक तारीख देणार, महिने देणार. ती नवी तारीख देणार."

"मग एवढंच वर लिही. साध्या शब्दांत. मला समजलं तर कोणाला पण समजेल."

मी लिहिलं. त्यांना समजलं नाही. पुन्हा लिहिलं. असं चार-पाच वेळा झालं. आज मागे वळून बघताना वाटतं, सॉफ्टवेअर आखणं म्हणजे काय ते मी त्या ओट्यावर शिकले. पुढे इंग्रजी शब्द पुष्कळ ऐकले, त्यांवरची भाषणं ऐकली, पण त्यात त्या रविवारपेक्षा वेगळं फारसं काही नव्हतं. आत काय चाललंय ते बाहेरच्याला कळायची गरज नाही. काय द्यायचं आणि काय मिळणार, एवढं मात्र लख्ख हवं.

जेवणानंतर त्यांनी सहज विचारलं, "आणि एकतीस तारीख दिली तर? पुढच्या महिन्यात तीसच दिवस असले तर?"

"ते पुढे बघू आंटी," मी म्हणाले. मला घरी जायची घाई झाली होती.

गड्डी तयार झाली. आंटींनी ती गुलाबी कार्डांवर पंच केली, म्हणजे पांढऱ्या कार्डांत कुठेही लगेच दिसेल. कारखान्याच्या सुताराकडून त्यांनी खणांचं एक कपाट करून घेतलं. पहिल्या खणात तारखेची मूळ गड्डी. ज्याला हवी त्याला त्या तिची नक्कल काढून द्यायच्या, मूळ कुणाला द्यायच्या नाहीत. हळूहळू दुसरे खण भरले. पानाच्या डोक्यावर शीर्षक छापायची गड्डी, मालाचा नंबर तपासायची गड्डी.

आमचे साहेब, म्हणजे विभागप्रमुख, यंत्रांच्या जुन्या पिढीतले. त्यांनी कपाळाला आठ्या घालून परवानगी दिली. "करा, पण जबाबदारी तुमची." आमच्यातले सर्वांत वरिष्ठ प्रोग्रॅमर मात्र बधले नाहीत. अतिशय हुशार माणूस. "अहो, दुसऱ्याच्या डोक्यावर मी माझा प्रोग्रॅम उभा करणार नाही," ते म्हणाले. "माझ्या प्रोग्रॅममधलं प्रत्येक कार्ड माझं असतं."

बाकी आम्ही तिघं झपाट्याने कामं उरकू लागलो. ज्या प्रोग्रॅमला पूर्वी महिना लागायचा तो दहा-बारा दिवसांत व्हायचा. निम्मी गड्डी कपाटातून यायची, आणि ती आधीच चाललेली असल्यामुळे आमचा अर्धा तास खऱ्या नव्या कामाला मिळायचा. मला तर वाटू लागलं होतं, की मी फार मोठा शोध लावलाय. मी. आंटींचं नाव माझ्या बोलण्यात येत होतं, पण दुसऱ्या वाक्यात.

आणि मग जानेवारीच्या शेवटी गोदामातले वयस्कर स्टोअरकीपर लांबलचक यादी दुमडून हातात घेऊन जिना चढून आले. पुढच्या महिन्यात कुठली पिंपं फेरतपासणीला काढायची, त्याची ती यादी. ते थेट माझ्या टेबलाशी आले, चष्मा सारखा केला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "बाई, तुमच्या यंत्राच्या फेब्रुवारीला एकतीस दिवस असतात का?"

यादीच्या तळाशी सहा पिंपं होती. फेरतपासणीची तारीख, एकतीस फेब्रुवारी. माल एकतीस ऑगस्टला आला होता. माझ्या गड्डीने त्यात इमानेइतबारे सहा महिने मिळवले होते.

सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. पण स्टोअरकीपर हसत नव्हते. "रोजची यादी रोजच्या तारखेने निघते बाई," ते म्हणाले. "ही तारीख कधी उगवणारच नाही. महिन्याची यादी मी हाताने चाळली म्हणून दिसलं. नाहीतर ही पिंपं न तपासताच औषधात गेली असती."

ती गड्डी पाच प्रोग्रॅममध्ये होती.

साहेबांनी लगेच बोलावलं. खोलीत वरिष्ठ प्रोग्रॅमरही होते. साहेब चिडले की आवाज खाली आणायचे. "हे कसं झालं?"

मी तोंड उघडण्याआधी वरिष्ठ म्हणाले, "कदाचित पंचिंगची चूक असेल. मॅट्रिक झालेल्या बाईंच्या हातात मूळ गड्ड्या ठेवल्या की असं व्हायचंच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पंचिंगची चूक आहे का?"

मी गप्प राहिले. हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणाले नाही. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, त्यांतल्या बहुतेक विसरलेही. तो गप्पपणा विसरले नाही.

साहेबांनी आंटींना बोलावून घेतलं. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता. मला लांबूनच कळलं, की ते माझं मूळ शीट होतं, माझ्या अक्षरातलं. प्रत्येक गड्डीचं मूळ शीट जपून ठेवायची त्यांची पद्धत. कार्डं शीटबरहुकूम होती हे त्या एका क्षणात दाखवू शकल्या असत्या. त्यांनी कागद पोटाशी धरला, लिहिलेली बाजू आत.

"बाई, गड्डी बरोबर पंच झाली होती का?" साहेबांनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. वाट बघावी तसं. मग म्हणाल्या, "बघून सांगते साहेब," आणि निघून गेल्या.

मीही बाहेर पडले. जिन्यात उभी राहिले. खाली पॅकिंगच्या बायका जेवणाच्या सुट्टीत कंपाउंडमध्ये डबे उघडून बसल्या होत्या. त्यांच्या गप्पा वर ऐकू येत होत्या. किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. नोकरी जाईल, वडिलांना काय सांगू, असं सगळं मनात येऊन गेलं. शेवटी मागे वळले आणि साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, चूक माझी आहे. पंचिंगची नाही. एकतीस तारखेचं काय, असं आंटींनी मला लिहितानाच विचारलं होतं. मी ऐकलं नाही."

साहेब म्हणाले, "दुरुस्त व्हायला किती दिवस?"

तिथून मी पंचिंग रूममध्ये गेले. आंटी यंत्रावर होत्या. मी जे सांगून आले ते त्यांना सांगितलं, आणि म्हणाले, "मी तिथे गप्प राहिले. माझं चुकलं आंटी."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. बोटं थांबली नाहीत. एक कार्ड पुरं झालं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "शीट आण. किती कार्डं बदलायची?"

सात कार्डं. महिना संपायच्या आत तारीख बसत नसेल तर त्या महिन्याची शेवटची तारीख धर, एवढंच. त्यांनी ती दुपारीच पंच केली, मूळ गड्डीत घातली, पाच नकला काढल्या, आणि आम्ही दोघींनी पाचही प्रोग्रॅममधली जुनी गुलाबी कार्डं काढून नवी बसवली. साहेबांनी यंत्राचा वेळ काढून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाचही प्रोग्रॅम दुरुस्त. चूक एका जागी होती म्हणून पाच जागी पसरली, हे खरं. पण एका जागी होती म्हणूनच ती एका दिवसात गेली, हेही तितकंच खरं होतं, आणि हे साहेबांच्या लक्षात आलं.

आंटी मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. आठवडाभराने त्यांनी एक नवी गड्डी दाखवली. त्यांनी स्वतःच्या मनाने केलेली, निळ्या कार्डांची. प्रत्येक कार्डावर एक तारीख, आणि प्रत्येक तारीख खोडसाळ. एकतीस एप्रिल. लीप वर्ष नसताना एकोणतीस फेब्रुवारी. तेरावा महिना. शून्य तारीख. तारखेच्या जागी कोरी घरं. शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ', जो नव्या मुली हमखास पंच करायच्या.

"ही वाईट तारखांची गड्डी," त्या खुशीत म्हणाल्या. "आता कपाटात जायचं असेल तर ह्या सगळ्यांना तोंड देऊन जायचं."

मला ती गड्डी फार आवडली. माणूस किती तऱ्हेने चुकू शकतो हे त्यांना ठाऊक होतं, कारण वर्षानुवर्षं सगळ्यांच्या चुका त्यांच्या बोटांखालून गेल्या होत्या. आम्ही यंत्राचा विचार करायचो, त्या माणसांचा करायच्या.

मार्चमध्ये वरिष्ठ प्रोग्रॅमर पंचिंग रूमच्या दारात उभे दिसले. ते सहसा तिकडे फिरकत नसत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "बाई, ती निळी गड्डी दोन दिवस मिळेल का?"

आंटींनी नक्कल काढून दिली. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये तारखेचं काम तीन जागी, तीन तऱ्हांनी केलेलं होतं आणि तिन्ही जागी वेगवेगळ्या तारखा घसरत होत्या. त्यांनी कुणाची मदत घेतली नाही, सगळं स्वतः निस्तरलं. गड्डी परत करायला आले तेव्हा सरळ म्हणाले, "त्या दिवशी साहेबांसमोर मी तुमच्याबद्दल बोललो ते बोलायला नको होतं." पुढच्या प्रोग्रॅमला त्यांनी गुलाबी गड्डी मागून नेली. त्यानंतर खणांतल्या गड्ड्या सुधारण्यात सगळ्यांत जास्त डोकं त्यांचंच चाललं.

साहेबांनी आंटींना प्रोग्रॅमर करावं म्हणून वर लिहिलं. मी आणि वरिष्ठ, दोघांनी त्यावर सह्या केल्या. उत्तर आलं, की ग्रॅज्युएटच लागतो. साहेबांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. मला फार लागलं. आंटी म्हणाल्या, "सोड गो. माझं नाव वाचलं तरी ना कोणीतरी." पण त्या संध्याकाळी त्या नेहमीसारख्या मुलींशी बोलत रमल्या नाहीत, लवकर निघून गेल्या. साहेबांनी त्यांच्या अधिकारात होतं तेवढं केलं. कपाटाचा ताबा लेखी त्यांच्याकडे दिला. त्यांच्या सहीशिवाय एकही कार्ड खणात जाणार नाही की बाहेर येणार नाही. आम्ही ग्रॅज्युएट मंडळी आमच्या गड्ड्या घेऊन त्यांच्यासमोर रांगेत उभे राहायचो, आणि त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "निळी चालवलीस?"

दशक संपत आलं तेव्हा नवं यंत्र आलं. त्याला पडदा होता, प्रोग्रॅम सरळ त्यावर लिहिता यायचा, आणि कार्डांचं काम हळूहळू सरलं. पंचिंग रूममधल्या मुलींना दुसरीकडे घेतलं. आंटींनी स्वतःहून नोकरी सोडली. नंतर कळलं, की गावठाणातल्या शाळेच्या एका वर्गात त्यांनी शनिवारी दुपारी मुलींना शिकवायला सुरुवात केलीय. मी जाऊन पाहिलं तर यंत्र वगैरे काही नाही. फळा, खडू आणि बारा-तेरा मुली. आंटी त्यांना एखादं रोजचं काम पायऱ्या-पायऱ्यांनी मांडायला लावत होत्या, विहिरीचं पाणी प्रत्येक घराला पाळीपाळीने कसं द्यायचं, जत्रेच्या दिवशी जेवणावळी कशा बसवायच्या. मीही मग बरेच शनिवार जात राहिले. त्यांतली एक मुलगी पुढे बोरिवलीला एका ऑफिसात प्रोग्रॅमर झाली. तिने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जो अभिमान होता तो ऐकून मला घाटकोपरच्या माझ्या वडिलांची आठवण झाली.

भाताची खाचरं बुजली, गावठाणाभोवती उंच इमारती आल्या. आंटी धाकट्या बहिणीकडे वसईला राहायला गेल्या. मी पुढे दोन-तीन नोकऱ्या बदलल्या, मोठ्या मोठ्या यंत्रांवर काम केलं, हाताखाली पन्नास-पन्नास माणसं आली. त्यांतला कुणी नवा पोरगा मला सांगायला लागला, की आता तयार तुकडे जोडून प्रोग्रॅम करायची नवी पद्धत आलीय, तर मी मन लावून ऐकायचे. तो उत्साहाने बोलत असायचा आणि मला तो लांब ओटा दिसायचा, दुपारचा वारा, कागदांवर पालथ्या घातलेल्या वाट्या, आणि पेन्सिल कानाला लावून माझं अक्षर वाचत बसलेल्या आंटी.